जप्त झालेल्या निबंधांचे अध्यक्ष

१९२९ साली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे होते, ही नोंद संमेलनाध्यक्षांच्या कोणत्याही यादीत एका ओळीत सापडते. त्या ओळीत न मावणारी गोष्ट अशी की, ज्या लेखनामुळे परांजपे मराठी गद्यातले मोठे नाव ठरले होते, ते ‘काळ’ पत्रातले निबंध त्या वेळी सरकारच्या बंदीखाली होते. ‘काळातील निवडक निबंध’ या नावाने त्यांचे १० खंड निघाले होते आणि ते सरकारने जप्त केले होते. म्हणजे बेळगावच्या मांडवात जमलेले रसिक ज्या साहित्यिकाचा सन्मान करीत होते, त्याचे सर्वोत्तम साहित्य त्या मांडवाबाहेर उघडपणे विकता आले नसते. परांजपे त्याच वर्षी २७ सप्टेंबरला गेले. बंदी उठलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मी बेळगावात राहतो, मराठीत लिहितो, आणि सीमाभागातल्या एका लहानशा नियतकालिकाचे संपादन मी काही काळ पाहिले आहे. आमच्या या शहराची ओळख बाहेरच्या जगात भाषेच्या वादापुरती उरली आहे, आणि त्या वादाच्या दोन्ही बाजूंना इतके बोलले गेले आहे की मुद्रणाच्या आणि भाषणाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या शहराचे काय स्थान आहे, याकडे आमचेही लक्ष क्वचितच जाते. १९२९ हेच वर्ष घ्या. त्या वर्षी मराठी संमेलन बेळगावात झाले, आणि कन्नड साहित्य संमेलनही त्याच वर्षी बेळगावातच झाले. त्याचे अध्यक्ष मास्ती व्यंकटेश अय्यंगार होते. पुढे हुबळीला स्थिरावलेले ‘संयुक्त कर्नाटक’ हे पत्रही १९२९ मध्ये बेळगावातच सुरू झाले. एका शहराने एका वर्षात दोन भाषांच्या सरस्वतीपुत्रांना मांडव घालून दिला होता, ही गोष्ट आज दोन्हीकडच्या तरुणांना सांगितली तर ती त्यांना खरी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

परांजप्यांच्या आयुष्याकडे मी वारंवार वळतो त्याचे कारण मात्र निराळे आहे. लेखक आणि संपादक अशी दोन माणसे त्यांच्यात वेगळी काढता येत नाहीत. ते १८६४ साली महाड येथे जन्मले, पुण्यात शिकले, संस्कृतचे एम. ए. झाले, प्राध्यापक झाले. ही वाट सुखाने पुढे गेली असती. मार्च १८९८ मध्ये त्यांनी ‘काळ’ साप्ताहिक काढले. हा मुहूर्त कसा होता ते नीट पाहिले पाहिजे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. १८९७ च्या त्या खटल्यात न्यायमूर्तींनी सरकारविषयी आपुलकी नसणे म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्यूरीपुढे मांडला होता. ‘काळ’ निघाले त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेचे राजद्रोहाविषयीचे १२४-अ हे कलम दुरुस्त करून अधिक व्यापक करण्यात आले आणि वर्गावर्गांत वैर पसरवण्यासंबंधीचे १५३-अ हे नवे कलमही आले. पत्रकर्त्यांची धरपकड चालू असताना, आणि कायद्याचा फास आवळला जात असताना, एका संस्कृतच्या पंडिताने नवे पत्र सुरू केले. पुढली बारा वर्षे त्याने ते चालवले.

‘काळ’ची बारा वर्षे म्हणजे मराठी गद्याची एक शाळा होती, असे माझे मत आहे, आणि ते मत सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांच्या सहवासात बनलेले आहे. परांजप्यांचा उपरोध प्रसिद्ध आहे. पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख ‘वक्रोक्तीपूर्ण शैली’ असा येतो आणि विद्यार्थी तो शैलीचा एक अलंकार म्हणून पाठ करतात. ती शैली का जन्मली, हे त्यांना कोणी सांगत नाही. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा ठरला, तेव्हा परांजप्यांनी सरकारविषयी प्रीतीच व्यक्त करायला घेतली. राज्यकर्त्यांच्या उपकारांची यादी ते इतक्या भक्तिभावाने देत की, एकेका उपकारासरशी वाचकाचे रक्त तापत जाई. कधी ते पुराणातल्या राजाची गोष्ट सांगत, कधी दूरच्या एखाद्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाची, कधी नुसत्या एखाद्या झाडाची किंवा नदीची. इंग्रजांचे नाव कित्येकदा ओळीत नसेच. ते नाव वाचकाने मनात घालायचे असे. वाक्य लेखकाने अर्धे लिहायचे आणि उरलेले वाचकाने पुरे करायचे, हा करार त्या काळच्या मराठी वाचकाने मनापासून पाळला. गावोगावी ‘काळ’चा अंक मोठ्याने वाचला जाई आणि ज्यांना अक्षर येत नव्हते तेही तो करार पाळीत.

या शैलीचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. सरळ बोलण्याला मनाई झाली की भाषा दुबळी होते, असे आपण धरून चालतो. परांजप्यांच्या हाती ती अधिक समर्थ झाली. लांबच लांब वाक्ये, एकामागून एक येणारे पोटभाग, मध्येच एखादा संस्कृत समास, आणि शेवटच्या तीन-चार शब्दांत सगळ्या वाक्याला मिळणारी कलाटणी, हा सगळा डौल बाणभट्टाच्या वाचनातून आला असेल. पण त्या डौलाला धार आली ती पोलिसांच्या पहाऱ्यामुळे. मराठी निबंधाने त्या बारा वर्षांत सूचकता कमावली. ज्या भाषेवर नजर ठेवली जाते तिला आडून बोलण्याची कला शिकावीच लागते, आणि ती कला शिकवणारे माणूस संपादकाच्या खुर्चीत बसलेले होते. म्हणून लेखनस्वातंत्र्याचा इतिहास आणि मराठी साहित्याचा इतिहास हे दोन वेगळे विषय मानायला मी तयार नाही. साहित्याच्या वर्गात १२४-अ शिकवल्याशिवाय परांजपे शिकवता येणार नाहीत.

अर्थात अशा शैलीला एक मर्यादा असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आडून बोलणे समजायला वाचक तयार लागतो. तो तयार नसला तर उपरोध स्तुती म्हणून वाचला जातो. आजच्या वाचकाला परांजपे वाचून दाखवताना मला हे जाणवते. संदर्भ सांगावे लागतात, लॉर्ड कर्झनचा कारभार समजावून द्यावा लागतो, आणि मग कुठे ते वाक्य जागे होते. पण ते जागे होते, हे महत्त्वाचे.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर सरकारने वक्रोक्तीचा अर्थ लावायचे ठरवले. जूनमध्ये परांजप्यांना अटक झाली, मुंबईत खटला चालला आणि १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच जूनमध्ये टिळकांनाही मुंबईतच अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. या दोन शिक्षांपैकी दुसरी आपल्या सर्वांना पाठ आहे, पहिली विस्मरणात गेली आहे, आणि हे स्वाभाविक असले तरी मला त्याचा खेद वाटतो.

तुरुंगाने मात्र ‘काळ’ संपला नाही. ‘काळ’ संपवला तो १९१० च्या मुद्रण कायद्याने. या कायद्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण नंतरच्या शंभर वर्षांतल्या कित्येक युक्त्यांचे मूळ तिच्यात आहे. नवा छापखाना काढणाऱ्याकडून दंडाधिकाऱ्याने ५०० ते २,००० रुपये अनामत घ्यावी, जुन्या छापखान्याकडून सरकारला वाटल्यास ५०० ते ५,००० मागावी, पत्राच्या प्रकाशकाकडूनही तशीच मागावी, आणि काही आक्षेपार्ह छापले गेले असे सरकारला वाटले की ती रक्कम जप्त करावी. पुढच्या खेपेला अधिक मोठी रक्कम मागावी आणि त्यानंतर छापखानाच जप्त करावा. या सगळ्यात आधी खटला नाही, पुरावा नाही, आरोपीचा जबाब नाही. शेतकऱ्याने पेरणीआधीच दंड भरून ठेवावा आणि पीक सावकाराला आवडले नाही तर तो दंड बुडीत धरावा, असा हा व्यवहार होता. न्यायालयात उभे राहून बोलता येते; टिळक २१ तासांहून अधिक बोलले आणि ते भाषण देशभर वाचले गेले. अनामत रकमेपुढे कसले भाषण करणार? ‘काळ’कडे जबर जामीन मागितला गेला आणि १९१० मध्ये ते पत्र बंद पडले. हुतात्मा होण्याची संधीही न देता पत्र मारण्याची ही रीत होती.

परांजप्यांनी नंतर कादंबरीलेखन केले, मराठ्यांच्या लढायांचा इतिहास लिहिला, पुढे ‘स्वराज्य’ साप्ताहिक चालवले, मुळशीच्या सत्याग्रहात भाग घेऊन पुन्हा तुरुंगवास पत्करला. हे सगळे थोरच आहे. तरी ‘काळ’ गेला तो गेलाच.

बेळगावने १९२९ मध्ये या माणसाला बोलावले, तेव्हा शहराला असल्या प्रकरणांची ओळख नव्हती असे नाही. १९१६ च्या एप्रिलमध्ये इथे मुंबई प्रांतिक परिषद भरली, तिच्यातच २८ एप्रिलला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली आणि १ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांना सरकार पुन्हा पकडायला टपलेलेच होते. बेळगावचे हे एक भाषण आणि अहमदनगरची दोन, अशा तीन भाषणांवरून त्यांच्यावर कारवाई झाली. त्यांच्या साठीच्या दिवशीच, २३ जुलैला, नोटीस बजावली गेली. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. इथेही पुन्हा जामीनच. टिळकांच्या वतीने महंमद अली जिना उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी, तो हुकूम रद्द केला.

त्या निकालातला एक विचार मला प्रत्येक संपादकाच्या टेबलावर लिहून ठेवावासा वाटतो. भाषण समग्र वाचावे, त्याचा एकंदर परिणाम काय होतो ते पाहावे, एखादे तीव्र वाक्य वेगळे काढून त्यावरून वक्त्याचा हेतू ठरवू नये, अशी न्यायालयाची भूमिका होती. आज एखाद्या लेखातली दोन वाक्ये मोबाईलवर फिरतात आणि तासाभरात लेखकाच्या दारात माणसे जमतात, तेव्हा परकीय राजवटीतल्या एका न्यायमूर्तीने बेळगावच्या भाषणाविषयी दाखवलेला धीर मला फार दुर्मीळ वाटतो. हे भाषण ज्या शहरात झाले तिथे त्याची आठवण म्हणून होमरूलची स्थापना सांगितली जाते. तो खटला आणि तो निकाल कोणी सांगत नाही. सांगायला हवा.

आतापर्यंत मी जे लिहिले ते सरकारविरुद्धच्या स्वातंत्र्याविषयी लिहिले. सीमाभागात मराठीत लिहिणाऱ्याला दुसऱ्या एका स्वातंत्र्याची अधिक रोजची गरज पडते, आणि ते म्हणजे आपल्याच माणसांना न रुचणारे लिहिण्याचे स्वातंत्र्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला, २००४ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो अजूनही तिथेच आहे. या दीर्घ काळात आमच्याकडच्या मराठी वृत्तपत्राला एक जादा जबाबदारी उचलावी लागली. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, कचेरीतला व्यवहार कन्नडमध्ये होतो. मग मराठीत सार्वजनिक जीवन जिथे उरते ती जागा म्हणजे शाळा, वाचनालय, नाटक आणि सकाळचे वर्तमानपत्र. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केले ते स्वातंत्र्यलढ्यासाठी. पुढे त्याच पत्राच्या वाट्याला भाषेचा लढा आला. वाचक असे पत्र घरच्या माणसासारखे सांभाळतो. त्याचबरोबर तो त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षाही ठेवतो, आणि संपादकाची खरी कसोटी इथे लागते.

या बाबतीत परांजपे मला पुरत नाहीत, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. राजकारणात जहाल असलेल्या त्यांच्या लेखणीने सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर तसे धाडस दाखवले नाही. तिथे मी आगरकरांकडे जातो. टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या आगरकरांनी पुढे मतभेदांमुळे ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि जिवंतपणी आपल्या नावाची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. ती प्रेतयात्रा कोणा इंग्रज कलेक्टराने काढली नव्हती.

आणि त्याही पुढे जाऊन ‘मूकनायक’कडे पाहावे लागते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाक्षिक काढले, त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले, आणि त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. ज्या पत्राच्या संपादकाने मुद्रणस्वातंत्र्यासाठी मंडाले भोगले त्याच पत्राने दुसऱ्या पत्राच्या जन्माची बातमी पैसे घेऊनही छापू नये, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. कायद्याने बंदी नसतानाही एखाद्या समाजाचा आवाज छापलाच जात नाही, ही बंदी सर्वांत जुनी आहे. १९२५ च्या एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या निपाणीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती. सीमाभागातल्या मराठी पत्रकारितेची वंशावळ सांगताना आम्ही टिळक-परांजप्यांचे नाव घेतो, सत्यशोधक परंपरेतल्या ‘राष्ट्रवीर’कार शामराव देसाईंचे नाव क्वचित घेतो, आणि निपाणीच्या त्या परिषदेचे तर घेतच नाही. ही वंशावळ अपुरी आहे. मराठीपणाच्या नावाखाली गावकुसाबाहेरचा मराठी माणूस बातमीत येत नसेल, तर आम्ही दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने न्याय मागणार?

आमच्या नियतकालिकात एकदा आमच्याच भागातल्या एका मराठी संस्थेच्या कारभारावर लेख छापला होता. लेखातली माहिती कागदपत्रांवर आधारलेली होती आणि संस्थेचे म्हणणेही त्याच अंकात दिले होते. त्यानंतर महिनाभरात तीन जुने जाहिरातदार गेले. कोणी भांडायला आले नाही, कोणी धमकी दिली नाही. ‘यंदा जमणार नाही’ एवढाच निरोप आला. सीमाभाग महाराष्ट्रात जावा यासाठीच्या एकीकरणाच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला घरी बोलावून, चहा पाजून, अत्यंत मायेने समजावले की घरातले भांडण अंगणात आणू नये, शत्रूला आयते कोलीत मिळते. त्यांच्या हेतूविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण त्यांचा सल्ला मानला असता तर आम्ही पुन्हा कधीच काही छापू शकलो नसतो, कारण सीमाभागात शत्रूला कोलीत न मिळण्याचा दिवस येतच नाही. खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी मात्र लेख वाचल्यावर पुढच्या वर्षांची वर्गणी आगाऊ पाठवली आणि आपल्या गावातले आणखी वर्गणीदार मिळवून दिले. त्या वर्गणीवर आमचा पुढचा अंक निघाला. तेव्हापासून मी असे मानतो की लहान पत्राचे स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या अनुच्छेदाइतकेच वर्गणीदारांच्या वहीत असते. १९१० च्या कायद्याने जे अनामत रकमेतून साधले ते आज जाहिरातीच्या फायलीतून साधता येते; सरकारला साधता येते, कारखानदाराला साधता येते, आणि आपल्यातल्या प्रतिष्ठितांनाही साधता येते. त्याला उत्तर म्हणजे विकत घेऊन वाचणारा वाचक.

१९४६ मध्ये बेळगावात पुन्हा मराठी संमेलन भरले आणि अध्यक्ष पुन्हा एक संपादक होते, नागपूरच्या ‘तरुण भारत’चे ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या संमेलनात झाला, एवढे सर्वांना ठाऊक आहे. २००३ मध्ये कन्नड संमेलन बेळगावात झाले तेव्हा त्याचे अध्यक्ष पाटील पुट्टप्पा हेही पत्रकारच होते, ‘प्रपंच’ साप्ताहिकाचे संपादक. सीमाप्रश्नावर त्यांची भूमिका आमच्या भूमिकेच्या अगदी विरुद्ध टोकाची होती. तरीही या शहरात दोन्ही भाषांनी आपल्या साहित्याचा सर्वोच्च मान संपादकांच्या हाती दिला, यात मला एक सामाईक शहाणपण दिसते, आणि ते मोकळेपणाने मान्य करण्यात मराठीचे काही कमी होत नाही.

बेळगावच्या अंगावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. या एकाच रस्त्यावर कऱ्हाड लागते, जिथे डिसेंबर १९७५ च्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला. त्याच रस्त्याच्या एका टोकाला, पुण्यात, २० ऑगस्ट २०१३ रोजी ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कम्युनिस्ट नेते आणि लेखक गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. धारवाडला ३० ऑगस्ट २०१५ रोजी वचनसाहित्याचे संशोधक एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. दुसऱ्या टोकाला, बंगळुरात, ५ सप्टेंबर २०१७ रोजी संपादक गौरी लंकेश यांची त्यांच्या घरासमोर हत्या झाली. चौघांपैकी दोघे मराठीत लिहीत, दोघे कन्नडमध्ये. दोघे साप्ताहिकांचे संपादक होते. कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध बसलेल्या आम्हा बेळगावकरांना ही चारही गावे नात्यागोत्याची आहेत. कलबुर्गींच्या हत्येनंतर आमच्याकडच्या मराठी बैठकीत एकाने विचारले होते की हा प्रश्न आपला आहे का. त्याला त्याच बैठकीत उत्तर मिळाले याचे मला समाधान आहे. मारणाऱ्यांना भाषेची सीमा अडवत नाही. मग शोक करणाऱ्यांनी तिथे का थांबावे?

कायद्याचे म्हणाल तर ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ते कलम त्या नावाने गेले. नव्या संहितेतले १५२ वे कलम देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे, आणि त्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. त्या कलमाचा अर्थ न्यायालये कसा लावतात त्यावर बरेच अवलंबून राहील. १९१६ चा समग्र वाचनाचा कित्ता त्यांच्यापुढे आहे.

हिवाळा सुरू झाला की आमच्याकडे गावोगावची संमेलने सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, बेळगुंदी, माचीगड, अशी किती नावे घ्यावीत. सरकारी अनुदानाची वाट न पाहता गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडीत लेझीम आणि भजनी मंडळे येतात, शेतातली कामे आटोपून बायामाणसे दुपारच्या कथाकथनाला बसतात. मराठीच्या मध्यवर्ती शहरांत मोठ्या संमेलनांविषयी कितीही वाद होवोत, इतका तयार श्रोता मी दुसरीकडे पाहिलेला नाही. या संमेलनांत कवी येतात, कथाकार येतात, व्याख्याते येतात. संपादक येतात ते बहुधा पाहुणे म्हणून, सत्कारापुरते. त्यांचे लेखन तिथे वाचले जात नाही. वर्तमानपत्रातला मजकूर दुसऱ्या दिवशी शिळा होतो असा समज त्यामागे असावा. ‘काळ’मधले निबंध शंभर वर्षांनंतरही शिळे झालेले नाहीत, आणि ते मुळात मोठ्याने वाचले जाण्यासाठीच जणू लिहिलेले आहेत.

म्हणून यंदा आमच्या तालुक्यातल्या एका संमेलनाच्या संयोजकांना मी विनंती केली आणि त्यांनी जेवणानंतरचे एक सत्र दिले. त्यात परांजप्यांचे दोन निबंध वाचले जातील, आगरकरांचा एक, आणि ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातला अग्रलेख महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी वाचणार आहे. धारवाडचे एक कन्नड पत्रकार मित्र कलबुर्गींविषयी बोलायला येणार आहेत. ते मराठी उत्तम जाणतात, पण त्यांनी कन्नडमध्येच बोलावे असे गावकऱ्यांनीच सुचवले, कारण ती भाषा इथे सर्वांना समजते. सत्रासाठी दोन तास मिळाले आहेत. वाचने दीड तासात आटोपून उरलेला वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी ठेवायचा, आणि प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून मागायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आहे.